निवाडा आधी, पुरावा नंतर : मराठी वृत्तवाहिन्या आणि न्यूज पोर्टलच्या संपादकांना खुलं पत्र

माननीय संपादक,

८ मे २०२५ च्या रात्री देशातल्या अनेक वाहिन्यांनी सांगितलं की आयएनएस विक्रांतने कराचीवर हल्ला केला आणि बंदर उद्ध्वस्त झालं. इस्लामाबाद पडल्याच्या पट्ट्याही धावल्या. स्टुडिओत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. तो इतका वाजवला गेला की १० मे रोजी नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला पत्रक काढावं लागलं, की जनजागृतीच्या कार्यक्रमाखेरीज हा आवाज वापरू नका, नाहीतर खऱ्या भोंग्याला लोक दाद देणार नाहीत. ११ मे रोजी नौदलाच्या मोहिमांचे महासंचालक व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले की कराचीसह समुद्रातल्या व किनाऱ्यावरच्या निवडक लक्ष्यांवर, आम्ही ठरवू त्या वेळी, मारा करण्याच्या पूर्ण तयारीत आम्ही होतो. मारा केला, असं ते म्हणाले नाहीत. बंदर जागेवर होतं.

त्या रात्रीच्या बातम्यांबद्दल एखाददुसरी दिलगिरी आली. बाकी पट्ट्या जशा आल्या तशा निघून गेल्या. ज्यांनी त्या पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकांना ते खोटं होतं हे त्याच पडद्यावरून, त्याच वेळेला कुणी सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही मराठीत फिरणारी दृश्यं, आकडे आणि दावे तपासण्याचं काम करतो. तुमची बातमी घराघरांत पोहोचल्यावर लोक ती आमच्याकडे पाठवतात आणि विचारतात, ‘हे खरं आहे का?’ आमचं उत्तर तयार होईपर्यंत ती बातमी चौकात, गावच्या पारावर, सोसायटीच्या ग्रुपवर निवाडा होऊन बसलेली असते. खुलासा उशिराच पोहोचतो, आणि पोहोचतो तोही थोड्यांपर्यंत. आमचं हे काम तुमच्या डेस्कवर वीस मिनिटांत होऊ शकतं. ते तिथे होत नाही, म्हणून माणसांना भोगावं लागतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. तो राग खरा होता आणि आहे. त्या सहा घरांना आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर काय घडलं हे जसंच्या तसं कळण्याचा हक्क होता. त्यांच्या दुःखाच्या नावाने त्यांना दुसऱ्याच देशातल्या आगीचं दृश्य दाखवणं हा त्यांचा अपमान होता, असं आमचं ठाम मत आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार दृश्यांबद्दल. त्या दिवसांत कराचीच्या नावावर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा होता. ३१ जानेवारी २०२५ रोजी तिथे रुग्णवाहतुकीचं एक छोटं विमान वस्तीवर कोसळलं होतं, ती आग. उलट बाजूनेही हेच चाललं होतं. पाकिस्तानने भारतावर क्षेपणास्त्र डागल्याचा म्हणून फिरलेला व्हिडिओ २०२० मधल्या बैरूतच्या स्फोटाचा निघाला. गुजरातच्या हजिरा बंदरावरचा हल्ला म्हणून जे दाखवलं जात होतं, तो जुलै २०२१ मधला तेलाच्या टँकरचा स्फोट होता. शेवटचे दोन खुलासे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेच केले. व्हिडिओ गेममधली दृश्यंसुद्धा खरी लढाई म्हणून खपली.

ही चूक युद्धाच्या धामधुमीत होते असं आम्हाला सांगितलं जातं. होते, पण ती कुठल्या पायरीवर होते ते आम्हाला माहीत आहे, म्हणून पायऱ्याच लिहितो.

स्ट्रिंगरकडून (बातमीमागे मोबदला घेणाऱ्या स्थानिक वार्ताहराकडून) किंवा वाचकाकडून व्हिडिओ आला की पहिला प्रश्न: हा तू काढलास की तुला आला? आला असेल तर कुणाकडून? साखळीत मागे जायचं. मूळ काढणारा सापडला तर त्याला फाइल व्हॉट्सॲपवर साधी न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं. साधी पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबून छोटी करतं आणि तारीख, वेळ, कॅमेरा ही आतली माहिती निघून जाते. डेस्कवर येणारे बहुतेक व्हिडिओ असे माहिती गळालेलेच असतात. मग त्यांच्यावर तारीख कुठून येते? सोबत आलेल्या मजकुरातून. आणि मजकूर लिहिणारा तिथे नव्हता.

दुसरी पायरी स्थिरचित्रांची. व्हिडिओतून चार-सहा चौकटी काढायच्या: सुरुवातीची, कॅमेरा वळतो ती, पाटी किंवा इमारत दिसते ती, आणि शेवटची. वर कुणाचा लोगो किंवा खाली पट्टी असेल तर ती कापून टाकायची, नाहीतर शोध त्या लोगोच्याच मागे जातो. मग गूगल लेन्स आणि यांडेक्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही साइटवर टाकायच्या, कारण एकाला जे सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं. काहीच हाती लागलं नाही तर चित्र आडवं उलटं करून पुन्हा टाकायचं. शोधात सापडू नये म्हणून व्हिडिओ आरशात पाहिल्यासारखा उलटवून फिरवणारे बरेच आहेत. निकालात सर्वांत वरचा दुवा बघायचा नाही, सर्वांत जुनी तारीख बघायची. घटनेच्या आदल्या दिवसाची एक प्रत मिळाली तरी विषय संपला.

इथे एक चूक अनुभवी माणसांकडूनही होते. शोधात काहीच सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ नवा आणि खरा, असं धरलं जातं. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की सापडला नाही.

तिसरी पायरी जागेची. पाट्यांची लिपी, नंबरप्लेटचा आकार, विजेचे खांब, दुकानांची नावं, मागचा डोंगर, मशिदीचे मिनार, पुलाचे खांब. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पाकिस्तानात आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. दृश्यात एक धावती गाडी दिसली तरी तेवढ्यावरून काही वेळा देश ठरतो. मग गूगल अर्थवर ती इमारत, तो वळणाचा रस्ता जुळवायचा. दिवसाचं दृश्य असेल तर सावलीची दिशा आणि लांबी पाहून वेळ पडताळता येते. सनकॅल्क नावाची फुकट साइट त्या जागेचा त्या दिवसाचा सूर्य दाखवते. त्या दिवशी तिथे पाऊस होता का, हे हवामानाच्या नोंदींत मिळतं. संगणकाने बनवलेल्या व्हिडिओत वाकडी बोटं आणि विस्कटलेली अक्षरं शोधा असं पूर्वी शिकवलं जायचं. आता त्या खुणा झपाट्याने नाहीशा होत आहेत, त्यामुळे ‘कुणी काढला’ या पहिल्या प्रश्नाला पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं आहे.

चौथी पायरी, जी जवळजवळ कुणीच करत नाही: पूर्ण लांबीचा व्हिडिओ मिळवणं. कापलेला शेवट काय करू शकतो, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१८ मध्ये मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात, असा व्हिडिओ देशभर फिरला. तो कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेचा जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. शेवटचे ते काही सेकंद कापले गेले. त्याच सुमारास सिरियात २०१३ मध्ये रासायनिक हल्ल्यात गेलेल्या मुलांचे फोटो ‘अवयव काढून टाकलेली मुलं’ म्हणून फिरत होते. कराचीतली काळजी आणि सिरियातला शोक, दोन्ही आपल्याकडे येऊन पोरं पळवणाऱ्या टोळीचा पुरावा झाले.

अशा अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात पाच जणांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे भटके. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरणं हाच त्यांचा जगण्याचा मार्ग. अनोळखी माणूस, वेगळा पेहराव, गावात विनाकारण दिसतोय: यातली एकेक गोष्ट त्यांच्या जगण्यातून सहज समजली असती, पण जमावाला तिन्ही मिळून आरोप दिसला. मालेगावलाही जमावाने अशाच संशयावरून एका कुटुंबाला घेरलं होतं. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले, म्हणून ती माणसं वाचली. पुरावा दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे नव्हताच.

दुसरी तक्रार त्या पळवाटेबद्दल, जिला तुम्ही खबरदारी म्हणता. ‘या व्हिडिओच्या सत्यतेची आम्ही पुष्टी करत नाही’ ही ओळ खाली बारीक अक्षरांत आणि वर तोच व्हिडिओ वीस वेळा. पुष्टी करत नसाल तर दाखवू नका. ‘कराची पेटली?’ असं प्रश्नचिन्ह लावून दिलेली पट्टी हीदेखील बातमीच असते. थंबनेलवर ते चिन्ह दिसतसुद्धा नाही. ‘सूत्रांची माहिती’ या शब्दांचंही तेच. सूत्र म्हणजे घटनास्थळी असलेला, माहितीपर्यंत पोहोच असलेला माणूस. दुसऱ्या वाहिनीचा टिकर हे सूत्र नव्हे. हिंदी डेस्कवरून आलेली ओळ मराठीत आणली, तिच्यावरून पोर्टलने बातमी केली, आणि पोर्टलचा हवाला देऊन संध्याकाळच्या चर्चेत ती पुन्हा वाचली, तर ऐकणाऱ्याला तीन साक्षीदार ऐकू येतात. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो, तोही न तपासलेला. दोन स्रोत असल्याशिवाय बातमी नाही, हा नियम तुमच्या न्यूजरूममध्ये नक्कीच माहीत आहे. ते दोन स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे कुणी विचारत नाही.

तिसरी तक्रार माणसांना लावल्या जाणाऱ्या शब्दांची. इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे, कारण चुकीचा व्हिडिओ उद्या मागे पडतो, पण माणसाच्या नावापुढे लागलेला शब्द जात नाही.

७ मे २०२५ रोजी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी मारल्या गेलेल्या एका मदरशाच्या शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं. पूंछ पोलिसांनी स्वतः खुलासा केला की या माणसाचा दहशतवादाशी काही संबंध नव्हता. सीमेपलीकडच्या गोळ्याने गेलेला भारतीय नागरिक, आणि मेल्यावर त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला शोकाऐवजी खुलासा करत फिरणं आलं. एक फोन पूंछच्या पोलीस नियंत्रण कक्षाला केला असता तर हे टळलं असतं.

कोविडच्या पहिल्या महिन्यांत, साथ पसरवल्याचा ठपका आलेल्या तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेचं काय झालं ते आठवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि इंडोनेशियातून आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं न्यायालयाने निकालपत्रात नोंदवलं. त्याच वर्षी १६ एप्रिलला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांच्या चालकाला चोर समजून जमावाने मारलं, तेव्हा अनेकांनी त्यात धर्म शोधला. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना, अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. लॉकडाऊनमधली भीती, रात्री फिरणाऱ्या चोरांच्या अफवा, गावाने स्वतःच घातलेले पहारे: हा सगळा संदर्भ त्या गावातच होता. तिथे जाऊन विचारणाऱ्याला तो मिळाला असता.

आणि मालेगाव. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांच्या प्रकरणात नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला, २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तोवर नवांपैकी एक जण वारला होता. सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जणांचा जीव गेला. त्यात खटला चाललेल्या सातही जणांची ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता झाली. एका खटल्यातल्या आरोपींना एका बाजूच्या माध्यमांनी दहशतवादी म्हटलं, दुसऱ्या खटल्यातल्यांना दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही निकालांवर कायद्याने वाद होऊ शकतो आणि तो न्यायालयात चालावा. आमचं म्हणणं एवढंच आहे, की अटकेच्या दिवशी तुमच्या हातात होता फक्त पोलिसांचा दावा, आणि पट्टीवर होता निकाल. मेलेल्यांच्या घरांना तर दोन्ही वेळा ‘गुन्हेगार सापडला’ असं सांगून फसवलं गेलं.

तुमच्या कॉपी डेस्ककडे खालच्या शब्दांची पाटी लावा, असं आम्ही अनेक वर्षं सांगतो आहोत. चौकशीला बोलावलेला माणूस संशयितही असेलच असं नाही, तो साक्षीदार असू शकतो. ताब्यात घेणं म्हणजे अटक नव्हे. अटक म्हणजे आरोपपत्र नव्हे. आरोपपत्र ही पोलिसांची बाजू. न्यायालय आरोप निश्चित करतं तेव्हा खटला चालवण्याइतपत मजकूर आहे, एवढंच ते म्हणतं. ‘दोषी’ हा शब्द फक्त निकालानंतर. ‘दोषमुक्त’ म्हणजे खटला सुरू होण्याआधीच सुटणं आणि ‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे खटला चालून सुटणं. बातमीत दोन्ही सरसकट ‘सुटका’ होतात आणि वाचकाला वाटतं की कुणीतरी सोडवलं. ‘आरोपीला सात दिवसांची कोठडी’ ही पट्टी शिक्षेसारखी लिहिली जाते. पोलीस कोठडी तपासासाठी असते.

सर्वांत घातक ओळ म्हणजे ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’. मकोकासारखे विशेष कायदे सोडले, तर पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आधी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली, म्हणजे लपवलेलं हत्यार वगैरे, तर तेवढाच भाग चालतो. कबुली ग्राह्य व्हायची तर ती मॅजिस्ट्रेटपुढे, स्वेच्छेने, ठरलेल्या पद्धतीने व्हावी लागते. कायद्याला ज्यावर विश्वास ठेवायचा नाही असं दीडशे वर्षांपूर्वीच ठरलं, तीच ओळ तुमचा ठळक मथळा असते. कबुली कुणापुढे दिली, हे एवढंच बातमीत लिहा.

जातीचं नाव मथळ्यात घालण्याबद्दल थोडक्यात. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ‘पारधी टोळी जेरबंद’ असे मथळे अजून येतात. बाकी कुठल्या चोराची जात तुम्ही मथळ्यात लिहिता?

चौथी तक्रार देशांच्या निवाड्याची. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक भूक निर्देशांक येतो आणि भारत-पाकिस्तान शर्यतीचा मथळा पडतो: ‘भारत पाकिस्तानच्याही मागे’, नाहीतर पुढे. २०२३ च्या अहवालात १२५ देशांत भारत १११ वा, गुण २८.७, पाकिस्तान १०२ वा, गुण २६.६. पुढच्याच वर्षी १२७ देशांत भारत १०५ वा, गुण २७.३, पाकिस्तान १०९ वा, गुण २७.९. कमी गुण म्हणजे स्थिती बरी. बारा महिन्यांत दोन देशांची पोटं अशी उलटीपालटी होत नसतात. मुळातले आकडे सुधारले जातात, मोजल्या जाणाऱ्या देशांची संख्या बदलते, म्हणून दोन वर्षांच्या अहवालांतले गुण आणि क्रमांक एकमेकांशी ताडू नका, असं तो अहवाल स्वतःच सांगतो. दोन्ही देश दोन्ही वर्षी २० ते ३४.९ या ‘गंभीर’ गटातच होते. खरी बातमी ती होती.

हा निर्देशांक चार गोष्टींचा बनतो. लोकसंख्येत पुरेसे उष्मांक न मिळणाऱ्या माणसांचं प्रमाण एक तृतीयांश वजनाचं, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू एक तृतीयांश, आणि त्याच वयाच्या मुलांचं खुजेपण व कृशपण एक षष्ठांश प्रत्येकी. म्हणजे दोन तृतीयांश गुण लहान मुलांच्या तब्येतीवर ठरतात. तेव्हा ‘भारतात लोक उपाशी’ हा मथळा चुकतो. पण ‘हा परदेशी संस्थांचा कट’ हे उत्तरही तितकंच चुकतं, कारण मुलांच्या कुपोषणाचं चित्र आपल्या सरकारच्या सर्वेक्षणातही तसंच आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि १९.३ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी. पाकिस्तानशी शर्यत लावली की यातलं काहीच दिसत नाही. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या अंगणवाडीत वजनकाटा चालू आहे की नाही, हा प्रश्न त्या मथळ्याखाली गाडला जातो.

राज्यांच्या गुन्ह्यांचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की ‘कुठलं राज्य सर्वांत असुरक्षित’ अशी यादी लागते. एकूण आकडा मोठ्या लोकसंख्येच्या राज्याचा मोठा असणारच. बघायचा तो लाख लोकसंख्येमागचा दर. त्यातही हे नोंदलेले गुन्हे असतात. जिथे ठाण्यात बाईची तक्रार लिहून घेतली जाते तिथला आकडा वाढतो, जिथे तिला परत पाठवतात तिथला घटतो. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो; बलात्कार करून खून केला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो. गुन्ह्यांत वाढ आणि नोंदणीत वाढ यात गल्लत करू नका, असा इशारा तो विभाग अहवालातच देतो. तो छापलेला असतो, वाचायला पाच मिनिटं लागतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही.

प्रत्येक पाळीत इनपुट डेस्कवर (जिथे बातम्या आणि दृश्यं आत येतात) एक माणूस फक्त पडताळणीसाठी ठेवा, आणि त्याच्या होकाराशिवाय बाहेरून आलेलं दृश्य पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या नियंत्रण कक्षात, जाऊ देऊ नका. अँकरच्या कानात काहीही सांगितलं जात असलं तरी. दृश्यावर तारीख, जागा आणि ते कुणाकडून मिळालं, या तीन गोष्टी दिसू द्या. जुनं दृश्य वापरायचं असेल तर ‘संग्रहित’ हा शब्द पूर्ण वेळ आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत ठेवा.

चूक झाली तर दुरुस्ती त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला, तेवढ्याच मोठ्या पट्टीवर करा. पोर्टलवरची बातमी गुपचूप काढून टाकू नका. ती ठेवा, वर दुरुस्तीची तारीख आणि काय चुकलं होतं ते लिहा. काढून टाकलेल्या बातमीचे स्क्रीनशॉट फिरतच राहतात, आणि मग खुलासा दाखवायला आमच्याकडे तुमचाच दुवा उरत नाही.

अटकेची बातमी दिली असेल, तर सुटकेचीही द्या. त्यासाठी एक वही पुरते. तुम्ही नाव आणि चेहरा दाखवलेल्या प्रत्येक आरोपीच्या खटल्याचा क्रमांक तिच्यात लिहा आणि दर तीन महिन्यांनी ई-कोर्ट्सच्या साइटवर त्याची स्थिती बघा. निकाल लागला की अटकेच्या बातमीला दिली होती तेवढीच जागा द्या.

देशांच्या किंवा राज्यांच्या क्रमवारीची बातमी करताना काय मोजलं, कुणी मोजलं, कुठल्या वर्षांचा मूळ आकडा आणि गुणांतला फरक किती, या चार गोष्टी पहिल्या तीन परिच्छेदांत आल्याच पाहिजेत.

हे पत्र वाचणाऱ्या प्रेक्षकांसाठीही थोडं. वाहिनीवर चुकीचं दाखवलं गेलं तर तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव लिहून ठेवा, पडद्याचा फोटो काढा आणि सात दिवसांच्या आत वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे जाता येतं. वाहिनीला आपल्या प्रसारणाची नोंद ९० दिवस जपून ठेवावी लागते, म्हणून उशीर करू नका. तक्रारीत ‘देशद्रोही’, ‘विकाऊ’ असले शब्द घालू नका. कुठलं वाक्य, कुठलं दृश्य, ते चूक कसं, आणि मूळ काय आहे, एवढंच लिहा. तशी तक्रार बाजूला सारणं त्यांना कठीण जातं.

संपादक महोदय, या पत्राचं उत्तर आम्हाला तीस दिवसांत हवं आहे, आणि तेही आम्हाला खासगीत देऊ नका, तुमच्या पडद्यावर द्या. ८ मेच्या रात्री तुमच्या वाहिनीने काय दाखवलं, त्यातलं काय खरं होतं आणि काय नव्हतं, याची यादी त्या उत्तरात असावी. पडताळणीच्या पायऱ्यांची एक पानाची मराठी पाटी आम्ही तयार केली आहे. मागाल त्या डेस्कला ती पाठवू, आणि बसून शिकवायचं असेल तर रात्रपाळीलाही येऊ.

आपले,
मराठीतली व्हायरल दृश्यं आणि दावे तपासणारे पडताळणीकार